सही तुझीच असणार आहे

प्रिय मुली,

तुझं पत्र आलं त्याच रात्री दोनदा वाचलं आणि मिटून ठेवलं. लगेच लिहायला बसले असते तर नुसती रागावले असते. तुझ्यावर नाही, ‘सही करून टाक, पुढचं देव बघून घेईल’ असं तुला सांगणाऱ्यांवर. आज चौथा दिवस. राग सगळा गेलेला नाही, पण पेन धरता येईल इतपत उतरलाय.

तू दोन प्रश्न विचारलेस आणि तिसरा गिळलास. पहिला: इतके दिवस प्रार्थना करूनही उत्तर मिळत नाही, म्हणजे माझी श्रद्धा कमी पडते का? दुसरा: शेजारच्या टेबलावरची मैत्रीण देव मानत नाही, तरी तिने पहिल्याच दिवशी आकडे बदललेल्या त्या अहवालावर सही करायला नकार दिला, आणि मी रोज हात जोडणारी अजून घुटमळतेय, हे कसं? तिसरा तू लिहिला नाहीस, पण पत्रभर त्याची सावली आहे. सही केलीच, तर देव क्षमा करेल का?

आधी माझी एक गोष्ट सांगते. फार कुणाला सांगितलेली नाही, कारण तिच्यात मी काही चांगली दिसत नाही.

मी २६ वर्षांची होते. बढतीवर परगावी जायची ऑर्डर हातात आणि आई अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ नुकता कामाला लागलेला. मी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या, ‘जा’ आणि ‘राहा’. डोळे मिटून एक उचलली. ‘राहा’ निघाली. मग मी काय केलं असेल? मनाशी म्हटलं, एकाच चिठ्ठीवर कसं ठरवायचं, तीनदा उचलू. दुसऱ्यांदा ‘जा’, तिसऱ्यांदाही ‘जा’. उठले आणि घरात जाहीर केलं, ‘मी जावं अशी देवाची इच्छा आहे.’ आणि खोटं बोलत नव्हते बरं का. त्या क्षणी मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

आईचं पुढचं सगळं भावाने केलं. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी कशावरून तरी विषय निघाला आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘ताई, तुझ्या देवाने माझी रजा मात्र कधी मंजूर केली नाही.’

मी गेले ते चूक होतं का, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही. आईची औषधं माझ्याच वाढलेल्या पगारावर चालत होती. पण ‘मला जायचंय’ असं मी सरळ म्हटलं असतं तर भाऊ भांडला असता, ‘मग माझं काय?’ असं विचारलं असतं, रडारड झाली असती आणि त्यातून दोघांनी मिळून काहीतरी वाटणी केली असती. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याचं तोंडच बंद केलं. देवाशी कोण हुज्जत घालणार? ती चूक नक्की माझी होती, आणि ती मी श्रद्धेच्या नावाने केली.

हे फक्त माझंच होतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास वाचनात आला. त्यांनी श्रद्धाळू माणसांना वादाच्या विषयांवर विचारलं, तुमचं मत काय, इतरांचं काय असेल आणि देवाचं काय असेल? देवाचं म्हणून लोकांनी जे मत सांगितलं ते त्यांच्या स्वतःच्या मताशी सगळ्यांत जास्त जुळत होतं. पुढच्या प्रयोगांत लोकांचं स्वतःचं मत जरा हलवून पाहिलं, तर देवाचं मतही त्याच बाजूला सरकलं. माझी दुसरी आणि तिसरी चिठ्ठीच ती.

यावरून कुणी म्हणेल, बघा, देव म्हणजे मनाचे खेळ. त्या अभ्यासातून तेवढं काही सिद्ध होत नाही, आणि मी आजही देव मानते. पण ‘देवाला काय हवंय ते मला कळलं’ असं वाटतं तेव्हा स्वतःवर जरा संशय घ्यावा, एवढं त्यातून नक्की निघतं. विशेषतः देवाला आणि आपल्याला नेमकं एकच हवं असतं, तेव्हा.

त्या वेळी मी देवाच्या हाती वकीलपत्र दिलं होतं. वकील आपल्या बाजूने बोलतो, ते त्याचं कामच. साक्षीदाराचं वेगळं. त्याने सगळं पाहिलेलं असतं आणि तो समोर बसलेला असताना आपली जीभ अडखळते. तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्यात मनाला ग्वाही केलं आणि बहुमत मानलं नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ग्वाही म्हणजे साक्षच. देवाला त्या जागी बसवायला मला पुढची वीसएक वर्षं लागली, आणि अजूनही तो मधूनच उठून वकिलाच्या खुर्चीत जाऊन बसतो. म्हणजे मीच त्याला बसवते.

आता तुझा पहिला प्रश्न. उत्तर मिळत नाही म्हणतेस, पण तुला उत्तर हवंय तरी कसलं? स्वप्न? कानात आवाज?

इस्लाममध्ये इस्तिखारा नावाची प्रार्थना आहे. एखाद्या निर्णयापुढे उभं असताना दोन रकात, म्हणजे दोन आवर्तनं, नमाज पढून ती म्हणायची. तिचा आशय असा, की तू जाणतोस, मी जाणत नाही; हे काम माझ्या धर्माच्या, जगण्याच्या आणि शेवटाच्या दृष्टीने हिताचं असेल तर ते मला सोपं कर, नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर ने, आणि भलं जिथे असेल तिथलं मला देऊन त्यात समाधान दे. ही प्रार्थना केली की स्वप्नात कौल मिळतो असं पुष्कळ जण समजतात. प्रार्थनेच्या शब्दांत स्वप्नाचा उल्लेखही नाही. मागणं मागायचं, जाणत्यांचा सल्ला घ्यायचा आणि पाऊल उचलायचं. ‘मी जाणत नाही’ ही त्यातली कबुली मला फार मोलाची वाटते. ज्याला ती मनापासून देता येते तो निदान तीनदा चिठ्ठ्या उचलणार नाही.

पण तुझी अडचण उलटी आहे. तू जाणतेस. त्या अहवालातले आकडे बदलले आहेत, कुणी बदलले आहेत आणि कशासाठी, हे तुझ्याच पत्रात लिहिलंय. नोकरी बदलू की नको, लग्न करू की नको, असल्या प्रश्नांत दोन्हीकडे काहीतरी चांगलं असतं, तिथे वाट पाहण्याला अर्थ आहे. जे उत्तर ठाऊकच आहे त्याच्यासाठी रोज प्रार्थना करणं म्हणजे ते बदलून मिळतंय का ते पाहणं. तुझी श्रद्धा कमी पडत नाहीये. तू तिला भलतंच काम दिलंयस.

प्लेटोच्या एका संवादात युथिफ्रो नावाचा गृहस्थ भेटतो. इ.स.पू. ३९९ मधला प्रसंग. सॉक्रेटिसवर अधर्माचा खटला भरलेला, आणि न्यायालयाच्या दाराशी त्याला हा युथिफ्रो भेटतो, जो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलाय. त्यांच्या संभाषणातला एक प्रश्न जगभर गाजला: जे पवित्र आहे ते देवांना आवडतं म्हणून पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? नीतीवरच्या चर्चेत हा प्रश्न येतोच येतो. मला मात्र त्या खटल्याची हकीकत जास्त छळते. एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. युथिफ्रोच्या बापाने त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि याचं काय करावं हे विचारायला धर्मनियम जाणणाऱ्याकडे अथेन्सला माणूस धाडला. निरोप येईपर्यंत भुकेने आणि थंडीने तो मजूर मेला.

बघ, त्या बापाने वरवर काहीच गैर केलं नव्हतं. धर्म काय सांगतो ते विचारायलाच पाठवलं होतं. पण खड्ड्यातल्या माणसाला पाणी द्यावं की नाही, हे विचारायला अथेन्सपर्यंत जावं लागत नाही.

लहान मुलांनाही ते कळतं. लॅरी नुची आणि इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञांनी ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या, काटेकोर धार्मिक वळणात वाढलेल्या मुलांना विचारलं होतं: देवाने अमुक नियम केलाच नसता तर ती गोष्ट केलेली चालली असती का? विश्रांतीच्या दिवशी काम करण्याबद्दल ख्रिस्ती मुलं म्हणाली, हो, मग चाललं असतं. पण दुसऱ्याला विनाकारण मारणं? चोरी? बहुतेकांचं म्हणणं, नियम असो नसो, ते वाईटच, कारण समोरच्याला लागतं. ही मुलं देव मानणारी होती. देवाला मानूनच त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या.

तुझ्या मैत्रिणीचं कोडं इथे बरंचसं सुटतं, त्यावर मी फार शाई घालवत नाही. तिला कुणाला लागतंय ते दिसलं आणि तिने नाही म्हटलं. देव न मानणारी माणसं नीतीने वागतात हे पाहून श्रद्धाळू माणसाने हिरमुसायचं काय कारण? उलट तुझ्या देवाने तिच्या हातून आधी काम करून घेतलं असं समज की! (हे तिला सांगू नकोस, चिडेल. तिचं चिडणं बरोबरही असेल.)

तरी ‘मग मी का घुटमळते?’ हे उरतंच. याबाबत मला अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा एक प्रयोग आठवतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेला, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांचा. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. त्यांतल्या निम्म्यांचा विषय होता बायबलमधली परोपकारी शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करण्याचीच. वाटेत एक माणूस दारापाशी मान टाकून कण्हत, खोकत बसवून ठेवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. डोक्यात ती गोष्ट घोळत असण्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि कोण कशा प्रकारे धार्मिक आहे यावरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही. घाईने पडला.

तुझ्या बाबतीत घाईच्या जागी भीती आहे. घर तुझ्या पगारावर चालतं. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तिला तिच्या नावाने हाक मार. ‘मला देवाचा कौल मिळत नाहीये’ असं म्हणू नकोस, ‘मला नोकरी जाण्याची भीती वाटतेय’ असं म्हण. प्रार्थनेतसुद्धा तसंच म्हण. साक्षीदारासमोर काय लपवायचं? आणि भीतीवर निदान काही करता येतं, दुसरीकडे अर्ज टाकता येतात, किती महिने तग धरता येईल याचा हिशेब मांडता येतो. कौलाची नुसती वाटच पाहावी लागते.

तुझ्या पत्रातला एक मुद्दा मात्र मला खरोखर अवघड वाटला. तू लिहितेस की साहेबांनी पडत्या काळात तुला नोकरी दिली, तू त्यांना ‘तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही’ असा शब्द दिलास, आणि दिलेला शब्द मोडणं हाही अधर्मच ना? बरोबर आहे. शब्द पाळणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. ‘असल्या शब्दाला काय अर्थ’ म्हणून मी ते उडवून लावणार नाही.

महाभारतात कर्णपर्वात नेमकी हीच अडचण अर्जुनावर येते. युधिष्ठिर कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन शिबिरात पडलाय. अर्जुन भेटायला येतो. कर्ण मारला गेला असं युधिष्ठिराला वाटतं, तो जिवंत आहे कळल्यावर त्याचा तोल जातो आणि तो अर्जुनाला नाही नाही ते बोलतो. म्हणतो, तुझं ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आणि अर्जुनाची तर गुप्त प्रतिज्ञा, असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. तो तलवार उपसतो. थोरल्या भावावर! कारण शब्द दिलाय, स्वतःलाच.

कृष्ण त्याला आधी झाडतो, तुला धर्म कळतच नाही म्हणून. मग कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा गावाबाहेर नद्यांच्या संगमावर राहणारा तापस, काही झालं तरी खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. लुटारूंच्या भीतीने पळणारी माणसं त्याच्यासमोरून रानात शिरली. मागून लुटारू आले आणि त्यांनी विचारलं, कुठे गेली? कौशिकाने खरं ते सांगितलं. लुटारूंनी त्या माणसांना गाठून मारलं आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. याच संभाषणात कृष्ण म्हणतो, धारण करतो म्हणून त्याला धर्म म्हणतात, धर्म प्रजेला सांभाळून धरतो. ही व्याख्या भाषणांतून इतकी वापरली जाते की ती उपसलेल्या तलवारीसमोर उच्चारलेली आहे हे आपण विसरून गेलोय.

पुढचा भाग मला त्याहून आवडतो. कृष्ण प्रतिज्ञा फेकून दे असंही म्हणत नाही. तो वाट काढतो: थोरल्याला अरेतुरे करणं म्हणजे त्याला जिवंतपणी मारणंच, तेव्हा युधिष्ठिराला ‘तू’ म्हण. अर्जुन तसं करतो, वर चार कठोर शब्द बोलतो आणि मग शरमेने स्वतःलाच मारायला निघतो. त्यावर कृष्ण म्हणतो, स्वतःची स्तुती कर, सज्जनाला ती मरणासारखीच. वाचताना हसू येतं, पण मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा जाते. नियम कशासाठी होता हे ओळखायचं, त्याचं मोल राखायचं आणि माणूस वाचवायचा, अशी तिहेरी कसरत त्यात आहे.

तू साहेबांना दिलेल्या शब्दाचा अर्थ काय होता? प्रामाणिकपणे काम करीन, त्यांना तोंडघशी पाडणार नाही, हाच ना? मग आधी त्यांच्याच केबिनमध्ये जाऊन, दार लावून, ‘हे मी करू शकत नाही आणि तुम्हीही करू नका’ असं सांगणं हे त्या शब्दाला धरूनच आहे. बाहेर परस्पर काही करण्याआधी त्यांना ती संधी दे. शब्दाचं देणं तेवढं लागतं. खोट्या आकड्यांवरची सही त्या शब्दात कधीच नव्हती.

आणि समजा हे पत्र पोचायच्या आत तू सही करून बसली असशील, तर जॉन वुलमनची गोष्ट वाच.

वुलमन १८ व्या शतकातला, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचा. विशीत असताना एका दुकानात कारकुनी करायचा. एक दिवस मालकाने सांगितलं, मी माझी कृष्णवर्णीय गुलाम बाई विकतोय, विक्रीखत लिही. गिऱ्हाईक समोर उभं. वुलमनचं मन खायला उठलं, पण मालकाची आज्ञा, घेणारा आपल्याच पंथाचा म्हातारा माणूस, विचार करायला वेळ नाही. त्याने लिहिलं. लिहिता लिहिता एवढं मात्र दोघांसमोर बोलून दाखवलं की गुलाम बाळगणं मला आपल्या धर्माशी विसंगत वाटतं. तेवढ्याने मनाची टोचणी थोडी कमी झाली, पण नंतर त्याला वाटत राहिलं की सरळ ‘मला यातून मोकळं करा’ म्हणायला हवं होतं. काही काळाने दुसरा एक जण तसलाच कागद लिहून घ्यायला आला. या वेळी त्याने नकार दिला.

त्यानंतरचं त्याचं आयुष्य म्हणजे त्या एका कागदाची परतफेडच वाटते. गावोगाव फिरून तो आपल्या पंथातल्या गुलाममालकांशी बोलत राहिला. न ओरडता. त्यांच्या घरी उतरला तर त्याची सेवा करणाऱ्या गुलामांना मोबदला द्यायचा. १७७२ मध्ये तो वारला, आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने ठरवलं की यापुढे सभासदांना गुलाम बाळगता येणार नाहीत. त्याच्याबरोबर आणखीही पुष्कळ जण खपले होते, सगळं श्रेय त्याला देणं बरोबर नाही. पण सुरुवात त्याने चुकीचा कागद लिहिण्यापासून केली होती, हे तू लक्षात ठेवावंस म्हणून सांगितलं.

इथे एक खडा मात्र दाताखाली येतो, तो काढून टाकत नाही. वुलमनच्या हातात जे बायबल होतं तेच गुलाममालकांच्याही हातात होतं. गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रचारक नेमावं की नाही या वादातून १८४५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतले बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक वेगळे झाले आणि त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. त्या संघटनेने आपल्या या इतिहासाबद्दल ठराव करून माफी मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. ती माणसं ढोंगी होती असं म्हणून सुटता येत नाही. प्रार्थना करणारी, दानधर्म करणारी, मुलांना मांडीवर घेऊन पवित्र वचनं शिकवणारी होती. त्यांचा देव त्यांच्या वकिलाच्या खुर्चीत बसला होता, आणि ज्यांचं नुकसान होत होतं त्या माणसांना त्या खोलीत बोलायची मुभा नव्हती. म्हणून तुझ्या प्रश्नातही मी सारखी एकाच ठिकाणी बोट ठेवते, या सहीने कुणाचं नुकसान होणार आहे? आणि त्याला विचारलं तर तो काय म्हणेल?

घरच्या वडीलधाऱ्यांचं ऐकायचं की नाही, हे तू हळूच विचारलंयस. ऐकून घ्यायचं, जरूर. ती तुझ्या भल्याचंच बोलताहेत. पण भलं चिंतणाऱ्यांचा सल्लाही चुकतो. ऑस्ट्रियातला फ्रान्त्स येगरश्टेटर हा शेतकरी हिटलरच्या सैन्यातून लढायला तयार नव्हता. त्याच्या धर्मगुरूंनी, अगदी बिशपनेही, त्याला बायकामुलांची जबाबदारी दाखवून दिली. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. ज्या चर्चच्या माणसांनी त्याला समजावलं होतं त्याच चर्चने २००७ मध्ये त्याला ‘धन्य’ म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. घरी तीन लहान मुली होत्या. त्या मुलींचा विचार आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून त्याच्यासारखी हो असं मी तुला सांगत नाही. तुझ्या पुढ्यात मरण नाही, एक नोकरी आहे. प्रमाण सोडून आपण कुणीच बोलू नये, तू घाबरताना आणि मी उपदेश करताना.

निर्णय कसा घ्यावा याबद्दल इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताच्या दोन सूचना मला आयुष्यभर पुरल्या. हा मूळचा सैनिक. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्महिने खाटेवर पडून राहावं लागलं. तेव्हा त्याला स्वतःच्याच मनाची एक गंमत दिसली. शौर्याची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचे विचार संपल्यावरही समाधान टिकून राहायचं. विचार करताना काय वाटतं यापेक्षा तो विचार निघून गेल्यावर काय उरतं, ते त्याने पाहिलं. पुढे त्याने लिहिलं की मन उदास आणि कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. दुसरी सूचना अशी, की कधी न भेटलेला एक माणूस हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आलाय आणि त्याचं भलं व्हावं असं तुला वाटतंय असं समज. त्याला काय सांगशील? ते स्वतः कर. तू पहिल्या दिवशी, मैत्रिणीने नकार दिला त्या संध्याकाळी, मला फोनवर म्हणाली होतीस, ‘मीही नाही करणार.’ तेव्हा तुझा आवाज मोकळा होता. नंतरचे सगळे फोन रात्री अकरानंतरचे आहेत.

राहिला तुझा गिळलेला प्रश्न. देव क्षमा करतो का? मला वाटतं करतो, आणि बहुतेक सगळ्या धर्मांनी परतीची वाट उघडी ठेवली आहे. पण ज्यूंच्या परंपरेत एक कडक अट आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, देवाचे केलेले अपराध माफ होतात. माणसाचे केलेले अपराध मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय त्या दिवसानेही फिटत नाहीत. मी चिठ्ठ्यांबद्दल देवाची माफी कितीदा मागितली असेल, मोजली नाही. भावाची एकदाच मागितली, आणि तेच जास्त कठीण गेलं. तो म्हणाला, ‘आता काय त्याचं.’ मग उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला. त्या रात्री मला जशी झोप लागली तशी त्याआधी कित्येक वर्षांत लागली नव्हती. आणि क्षमा मिळणारच आहे म्हणून आधी सही करून टाकायची, हा हिशेब तू मांडू नकोस. मांडणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

तू जे ठरवशील ते घरी आणि ऑफिसात सांगताना ‘मी ठरवलंय’ असं म्हण. ‘माझी श्रद्धा मला परवानगी देत नाही’ हे खरं असलं तरी मागे ठेव, कुणी विचारलं तर सांग. समोरच्याला तुझ्याशी वाद घालता आला पाहिजे. साहेबांचं काही म्हणणं असेल, तुला माहीत नसलेली एखादी बाजू असेल, तर ती ऐकायला जागा राहू दे. प्रार्थना मात्र त्या केबिनचं दार लोटण्याआधी कर. कौल मागू नकोस, आवाज कापू नये एवढंच माग. मी तरी हल्ली एवढंच मागते आणि बहुतेक वेळा मिळतं.

बाकी तुझ्या मूळ मसुद्याची प्रत घरी आहे ना? असेल तर एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाड: आधीचा आकडा, बदललेला आकडा, आणि त्या फरकाने कुणाचं काय जाणार. तिसरा रकाना जमेल तितका माणसांच्या भाषेत भर, खात्याच्या भाषेत नको. देवाचं नाव त्या कागदावर कुठेही येऊ देऊ नकोस. शुक्रवारपर्यंत मला फोनवर वाचून दाखव, अकराच्या आत.

तुझी,
मॅडम